बंपरमागची रेघ

मे महिन्यातला पहिला रविवार. सकाळचे साडेसातच वाजले होते; पण दिल्लीच्या उन्हाने तेवढ्यातच मुनिरकाच्या डीडीए फ्लॅट्सच्या भिंती तापवायला सुरुवात केली होती. चहाचा कप घेऊन बाल्कनीत आलेल्या सुभेदारांनी सवयीप्रमाणे खाली नजर टाकली आणि कप तसाच कठड्यावर ठेवला. घरची गाडी जागेवर होती, पण तिचा चेहराच नाहीसा झाला होता. पुढचा बंपर काढून शेजारी जुन्या चादरीवर ठेवलेला. कवळी काढून ठेवल्यावर एखादे आजोबा दिसावेत, तशी गाडी बोळकी दिसत होती.

"अहो, आपल्या गाडीला रात्री कुणी धडक दिली की काय?" मागून पत्नीने विचारले.

"धडक नाही. चिरंजीव आहेत," सुभेदार म्हणाले आणि चपला शोधू लागले.

ही गोष्ट २०१४ सालची. सातारा जिल्ह्यातून फौजेत गेलेले सुभेदार लष्कराची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलातून निवृत्त झाले होते. शेवटची काही वर्षे दिल्ली छावणीत गेली, मुलांची शिक्षणे इथेच झाली, म्हणून निवृत्तीनंतरही बिऱ्हाड मुनिरकातच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले. मुलगी लग्न होऊन साताऱ्याला गेली. मुलगा फौजेत जाईल अशी सुभेदारांची इच्छा होती. त्याने गुडगावच्या एका कंपनीत संगणकासमोरची नोकरी धरली. त्यावरून घरात भांडण झाले नाही, पण बापलेकातले बोलणे मात्र कमी होत गेले. ‘जेवलास का?’ आणि ‘हो, जेवलो’ एवढ्यावर दिवस निघून जात.

मुलाने पगार साठवून घेतलेली ही गाडी होती स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. भारतात ती २००४ मध्ये आली. १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, त्याला टर्बो आणि १५० अश्वशक्ती. त्या काळी आपल्याकडे पेट्रोलच्या मोटारीत टर्बो असणे ही नवलाईच होती. मुलाच्या हाती आली तेव्हा ती दोन मालक पाहून आली होती. नोंदणी २००५ सालची. स्कोडाचा कारखाना औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला. म्हणून सुभेदार तिला थट्टेने ‘आपल्याकडची पोरगी’ म्हणत.

खाली जाऊन त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मुलगा मान वर न करता म्हणाला, "बाबा, इंटरकूलर बदलतोय. मोठा, पुढे बसणारा. पण बाहेरून काहीसुद्धा दिसणार नाही. बंपर हाच राहणार, जसाच्या तसा."

"दिसणारच नाही, तर मग हे सगळं कुणासाठी?"

"इंजिनासाठी."

हे उत्तर सुभेदारांना आवडले. पण तसे त्यांनी दाखवले नाही.

पोह्यांच्या बश्या समोर आल्या तेव्हा आईने विचारले, "इंटरकूलर म्हणजे रे काय?" मुलाने तिला सायकलच्या पंपाची आठवण दिली. चाकात जोरजोराने हवा भरली की पंपाचे टोक हाताला चटका देते. हवा दाबली की ती तापते. टर्बो नेमके तेच करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक छोटा पंखा फिरतो. त्याच दांड्यावर बसवलेला दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येते आणि ताकद वाढते. पण दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते, आणि पेट्रोलच्या इंजिनात तर ती आणखी एक खोडी काढते. गरम मिश्रण ठिणगीने सुरू झालेली आग पोहोचण्याआधीच भलत्या कोपऱ्यात पेट घेते. मेकॅनिक म्हणतात, इंजिन ‘नॉक’ करते. गाडीतला संगणक ते ओळखतो आणि ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, ताकद घटते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाळीदार पेटी बसवतात. आतून तापलेली हवा जाते, बाहेरून वारा लागतो.

"म्हणजे इंजिनाचा कूलर," आईने खोलीतल्या घरघरणाऱ्या कूलरकडे बघत निकाल दिला. ज्या घरात मे महिना कूलरच्या भरवशावर निघतो, त्या घराला याहून चांगली व्याख्या सापडली नसती.

सुभेदारांना मात्र लेह आठवले. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीवरचा त्यांचा पहिला हिवाळा. तिथली हवा मैदानातल्या हवेच्या सुमारे दोन तृतीयांश. खारदुंग ला खिंडीत तर हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. बिनटर्बोचे ट्रक तिथे दमेकऱ्यासारखे धापा टाकत आणि काळा धूर सोडत. इंजिनालाही छाती असते, हे त्यांना पुस्तकातून नव्हे, त्या चढावर कळले होते.

इंजिनाला श्वास पुरवण्याची ही धडपड तशी जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड बुची या इंजिनिअरने बाहेर पडणाऱ्या वायूंवर चालणाऱ्या या युक्तीचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन थेट पाइक्स पीक या चार हजार मीटरहून उंच डोंगरावर नेऊन टर्बोची परीक्षा घेतली. दुसऱ्या महायुद्धातल्या लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानात तर इंटरकूलरला जागा करण्याचा प्रश्न मुनिरकाच्या या बंपरइतकाच बिकट होता. सुरुवातीला दाबलेली हवा पंखाच्या पुढच्या कडेतूनच फिरवून थंड करत. बाहेरून काही दिसत नसे. पण इंजिनाची ताकद वाढली तशी ती सोय अपुरी पडू लागली आणि पुढच्या नमुन्यात इंटरकूलर इंजिनाखाली, हनुवटीशी आणावा लागला. झाकून ठेवण्याची हौस आणि थंड ठेवण्याची गरज यांचे भांडण असे टर्बोच्या मोटारीच्याही आधीपासून चालत आलेले आहे.

ऑक्टाव्हियाला कारखान्यातून इंटरकूलर होताच. पण तो लहान, बंपरच्या एका कोपऱ्यात, चाकाच्या पुढे दडवलेला. मुलाने वहीत हिशेब मांडला होता. बाहेर ४५ अंश. टर्बोतून निघाल्यावर हवा साधारण १२० अंशांवर. लहान इंटरकूलर ती ८० च्या आसपास आणेल. मोठा ६५ ते ७० वर.

सुभेदारांनी चष्मा लावून वही वाचली आणि पेन्सिलीने खाली गणित केले. "म्हणजे दहा-पंधरा अंशांसाठी. हवा दाट होणार शेकडा तीन-चार."

"एवढंच नाही बाबा. लहान पेटी लवकर तापते. दोन-तीनदा जोरात पळवली, की मग ती थंड करतच नाही."

"दिल्लीत दोन-तीनदा जोरात पळवणार कुठे? आउटर रिंग रोडवर?" त्या दिवसांत मुनिरकाजवळ आउटर रिंग रोडवर मेट्रोचे काम चालू होते. पत्र्यांच्या कुंपणांनी रस्ता निम्मा खाल्लेला. गाडी जोरात पळणे दूरच, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाणे हीच चैन.

मुलगा गप्प राहिला. खरे उत्तर वहीत नव्हते, हे त्यालाही ठाऊक होते. आठवडाभर संगणकाच्या पडद्याकडे बघणाऱ्या हातांना काहीतरी खरे, जड, तेलकट करून बघायचे होते. आणि सुभेदारांना हे न सांगता कळले, कारण चोविसाव्या वर्षी त्यांचेही हात असेच शिवशिवत.

"चल," ते म्हणाले. "उस्तादकडे नेऊ. इथे सोसायटीत पसारा नको."

मुनिरका हे मूळचे गाव. शहर चहूबाजूंनी वाढत आले आणि गाव मधे राहिले. एका बाजूला डीडीएचे नीटनेटके फ्लॅट, दुसऱ्या बाजूला लाल डोऱ्याच्या आतल्या गल्ल्या. तिथे समोरासमोरच्या बाल्कन्यांतून एकमेकांना मिठाची वाटी देता येईल एवढेच अंतर, आणि वर विजेच्या तारांचे जाळे. अशाच एका गल्लीच्या तोंडाशी उस्तादची पत्र्याची शेड होती. उस्ताद साठीचा, मितभाषी. हात काळे, पण पाने मात्र रोज रात्री पुसून ओळीने लावलेले. फौजी माणसाला अशी ओळ दिसली की निम्मा विश्वास तिथेच बसतो.

मुलाने कश्मीरी गेटच्या बाजारातून आणलेला इंटरकूलर बाहेर काढला. चकचकीत ॲल्युमिनियमचा, ६०० मिलिमीटर लांब, ३०० उंच आणि ७६ जाड. कागदावर सुरेख. गाडीपुढे धरला आणि तिथेच पहिली अडचण उभी राहिली.

आपण ज्याला बंपर म्हणतो ते खरे तर प्लास्टिकचे आवरण असते. रंग दिलेला, देखणा मुखवटा. त्याच्या मागे एक आडवा धातूचा दांडा असतो. तो दोन्ही टोकांना गाडीच्या चासीला बोल्टांनी बांधलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘सपोर्ट’ म्हणतात. धडक बसली की तो मार एकट्या कोपऱ्यावर न घेता दोन्ही बाजूंना वाटून देतो, आणि मग त्यामागचे चासीचे भाग ठरवून दिल्याप्रमाणे चुरगळत धक्का गिळतात. हा दांडा आणि त्यामागचा एसीचा कंडेन्सर यांच्यामध्ये जेमतेम चार बोटे जागा होती. ३०० मिलिमीटर उंचीची पेटी तिथे बसायची, तर दांड्याची खालची दोन इंच कड कापावी लागणार होती.

शेजारच्या दुकानातला तरुण डेंटर ग्राइंडर हातात घेऊनच आला. "भैया, दो इंच काट दो. ऊपर से बंपर लग जाएगा, किसको दिखेगा?"

मुलाने दांड्याकडे पाहिले, पेटीकडे पाहिले. पैसे तर देऊन झालेले. त्याने पांढऱ्या पेंटचा पेन घेतला आणि दांड्यावर, पट्टी लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली.

सुभेदार उठले. त्यांचा आवाज चढला नाही. फौजेत आवाज चढवायची जागा वेगळी असते. त्यांनी फक्त उस्तादला विचारले, "तुम क्या कहते हो?"

उस्तादने विडी विझवली. "साहब, काटना दस मिनट का काम है. वापस वैसा जोड़ना मेरे बस का नहीं."

ग्राइंडर त्या दिवशी चालला नाही, पण निर्णयही झाला नाही. पेटी आणि बंपर शेडमध्ये ठेवून दोघे चालत घरी आले. वाटेत मुलगा म्हणाला, "बाबा, दोन इंचच आहे. आणि मी काही धडक मारायला गाडी घेतलेली नाही."

"धडक मारायला कुणीच घेत नाही," सुभेदार म्हणाले. "दांडा ज्यानं बनवला, त्यानं त्याची उंची उगाच ठरवलेली नाही. मधे खाच पडली, की तो तिथेच दुमडणार."

"म्हणजे नको म्हणता?"

"गाडी तुझी आहे."

हे वाक्य मुलाला नकारापेक्षा जड गेले.

रात्री जेवताना पुन्हा तोच विषय निघाला. दोघांचे बोलणे आकड्यांत चालले होते. दोन इंच, चार टक्के, पंधरा अंश. आई आमटी वाढत ऐकत होती. मग सहज विचारल्यासारखे म्हणाली, "तो दांडा कुठे असतो रे? अगदी पुढे?"

"हो आई. अगदी पुढे."

"मग त्याच्यामागे कोण बसतं? मला गाडी लागते म्हणून पुढच्या सीटवर मीच बसते ना?"

एवढे बोलून ती भाताचे भांडे आणायला आत गेली. तिला वादात पडायचे नव्हते; तिला खरोखरच कुठे काय असते ते समजून घ्यायचे होते. पण मुलाचा घास हातातच राहिला. पंख्याच्या घरघरीखेरीज बराच वेळ आवाज नव्हता. आकड्यांच्या वहीत पुढच्या सीटचा रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सुटून तो परस्पर कश्मीरी गेटला गेला. मोठी पेटी परत दिली, त्यात चांगलाच तोटा सोसला, आणि तिच्या जागी कमी उंचीची आणली. लांबी ५५०, उंची फक्त १४०, जाडी ६५ मिलिमीटर. दांड्याच्या खाली, बंपरच्या खालच्या जाळीच्या बरोबर मागे बसेल अशी. घरी येऊन त्याने वहीत नवा हिशेब मांडला आणि वही न बोलता वडिलांच्या उशाशी ठेवली. मोठीएवढी थंड नव्हे, पण जुन्या कोपऱ्यातल्या पेटीपेक्षा बरी. खाली लिहिले होते, ‘दांडा तसाच.’

पुढचे दोन रविवार सुभेदार चहा पिऊन बापलेकाच्या जोडीने उस्तादच्या शेडमध्ये हजर. पेटीला आधार म्हणून लोखंडी अँगलचे दोन ब्रॅकेट बनवले. त्यांना रबराचे तुकडे लावले, म्हणजे इंजिनाच्या हादऱ्याने ॲल्युमिनियमला चीर पडू नये. दोन्ही हॉर्न तिथून काढून बाजूला सरकवले. टर्बोकडून येणाऱ्या आणि इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपांना वळणे कशी द्यायची, यावर बापलेकांत एक अख्खी सकाळ वाद झाला. पाइप जितका लांब आणि वळणे जितकी जास्त, तितका हवेचा दाब वाटेतच खर्च होतो आणि टर्बोचा जोर उशिरा पोहोचतो. सुभेदारांनी जुन्या हँगरची तार वाकवून वळणांचा नमुना करून दाखवला. त्या नमुन्यावरून पाइप कापले, आर्गन वेल्डिंग करून आणले, आणि तोंडांना उंचवटा करून घेतला, म्हणजे दाबाने रबरी नळी निसटू नये. प्लास्टिकच्या बंपरच्या आतल्या दोन फासळ्या तेवढ्या कापाव्या लागल्या. बाहेरचा मुखवटा जसाच्या तसा बसला.

या दोन रविवारी बापलेक जितके बोलले, तितके त्याआधीच्या दोन वर्षांत बोलले नसतील. पान्यापासून सुरू झालेले बोलणे लेहच्या हिवाळ्यावर गेले, तिथून मुलाच्या ऑफिसातल्या कटकटींवर. "तू फौजेत आला असतास तर..." असे एकदा सुभेदारांच्या तोंडून निघाले. मुलाने वर पाहिले. सुभेदारांनी वाक्य बदलले, "...तर हा बोल्ट असा उलटा लावला नसतास." दोघेही हसले.

तिसऱ्या आठवड्यात चाचणी. गाडी संध्याकाळच्या मोकळ्या तासाला खरोखर बरी चालली. नळ्यांतून सुस्कारा आला, चढावर दम टिकला. मुलाचा चेहरा उजळला. पण दुसऱ्याच दिवशी भर दुपारी, मेट्रोच्या कामाजवळच्या कोंडीत गाडी दहा मिनिटे उभी राहिली आणि एसीने हार खाल्ली. आईने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. "अरे, इंजिनाला कूलर लावलास आणि आमचा काढून घेतलास!"

कारण सरळ होते. खोलीतल्या कूलरच्या जाळीपुढे कपाट ठेवले तर त्याला वारा कुठून मिळणार? नवी पेटी एसीच्या कंडेन्सरच्या पुढे आली होती. गाडी धावत असताना वारा दोघांना पुरत होता. उभ्या गाडीत पंखा जो वारा ओढत होता तो आधी तापलेल्या पेटीतून येत होता. मोठी पेटी बसवली असती तर हाल याहून वाईट झाले असते. पुन्हा बंपर उतरला. पेटी आणि कंडेन्सर यांच्यामध्ये बोटभर अंतर ठेवले. कडेच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या, म्हणजे जाळीतून आलेला वारा बाजूने पळून न जाता आतच जाईल. एसी पूर्वीइतका नाही, पण बसवण्याजोगा झाला. यंत्रात फुकट काहीच मिळत नाही. एकाला दिले की दुसऱ्याकडून थोडे काढून घ्यावे लागते. संसार केलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

कागदांचा प्रश्न सुभेदारांनी काढला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. "नोंदणीपत्रात इंटरकूलरचा रकानाच नाही," मुलगा म्हणाला. "रकाना नाही म्हणून जबाबदारी नाही, असं नसतं," सुभेदार म्हणाले आणि विमा कंपनीला बदल कळवणारे पत्र त्यांनी स्वतः बसून लिहून घेतले. आपण काय बसवले ते लपवून ठेवायचे आणि प्रसंग आल्यावर भरपाई मागायची, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

मे महिन्याच्या शेवटी मुलगी सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसने आली. निजामुद्दीन स्टेशनवर पहाटे तिला घ्यायला सगळे गेले. येताना मुलगी बाळाला घेऊन मागे बसली, आई नेहमीप्रमाणे पुढे. रस्ता मोकळा होता, हवा त्यातल्या त्यात गार. मुलगा गाडी सहज पळवू शकला असता. त्याने पळवली नाही.

"दादा, गाडी नवीन वाटतेय. काही केलंस का?" मुलीने विचारले.

"काही नाही. बंपर तोच आहे," मुलगा म्हणाला. सुभेदार खिडकीबाहेर बघत मिशीतल्या मिशीत हसले.

वर्षे गेली. त्याच २०१४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने पंधरा वर्षांहून जुन्या गाड्या दिल्लीच्या रस्त्यांवर चालवू नयेत असा आदेश दिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई करणारा आदेश उचलून धरला. जानेवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

गाडीची पंधरा वर्षे मार्च २०२० मध्ये भरणार होती. सुभेदारांनाही आता गावाची ओढ लागली होती. ठरले असे की, दिल्लीच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला घेऊन गाडी साताऱ्याला न्यायची, आणि तिच्याबरोबर आईबाबांनीही कायमचे जायचे. मुलगा मागे राहणार होता; त्याची नोकरी, त्याचा संसार आता इथला.

जानेवारीतल्या एका धुकट रविवारी त्याने पुन्हा बंपर उतरवला. नव्या ठिकाणी, नव्या कागदांनिशी जाताना गाडी कारखान्यातून निघाली तशीच असावी, असे त्याने ठरवले होते. जुना लहान इंटरकूलर त्याने पाच-साडेपाच वर्षे माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून जपला होता. मधल्या काळात उस्तादने शेड मुलाच्या हाती सोपवली होती, पण पाने अजून ओळीनेच लावलेले होते. मेट्रोही कधीच सुरू झाली होती. २०१८ पासून मुनिरका स्टेशनात लोक जमिनीखालून गार हवेत जा-ये करत होते.

पाइप निघाले, पेटी निघाली. मागे दांडा उघडा पडला. त्यावर धूळ आणि तेलाचा थर बसला होता. मुलाने फडक्याने तो पुसला आणि हात थांबला. पांढऱ्या पेंटची रेघ अजून तिथेच होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पट्टी लावून ओढलेली, सरळ. तिच्या खालची दोन इंच कडही तिथेच होती, अखंड.

"काय रे, काय बघतोयस?" मोड्यावर बसलेल्या सुभेदारांनी विचारले. त्यांना आता जवळचे नीट दिसत नसे.

"काही नाही बाबा. दांडा बघतोय. चांगला आहे."

"असणारच," सुभेदार म्हणाले.

रेघ पुसायला थिनरचा एक बोळा पुरला असता. त्याने ती तशीच राहू दिली आणि तिच्यावर बंपर चढवला.

फेब्रुवारीच्या मध्यावर, पहाटे, गाडी मुनिरकाच्या गल्लीतून बाहेर पडली. मागे सामानाची बोचकी आणि त्यांच्यामधे सुभेदार. गाडी मुलगा चालवत होता. साताऱ्यापर्यंत पोहोचवून तो रेल्वेने परतणार होता. पुढच्या सीटवर आई होती. मांडीवर आवळासुपारीची डबी, खिडकीची काच दोन बोटे खाली केलेली.

"सावकाश ने हो," ती म्हणाली. "मला गाडी लागते."

"माहीत आहे आई," मुलगा म्हणाला आणि त्याने गिअर टाकला.